ग्रबच्या बूट मेनूतले बदल टिकत नाहीत, विंडोज यादीतून नाहीसं होतं: काय, कुठल्या क्रमाने तपासावं

ग्रब म्हणजे मशीन सुरू होताना विंडोज उघडायचं की लिनक्स, हे विचारणारा मेनू दाखवणारा प्रोग्रॅम. आधी लक्षणं. यातलं काही ओळखीचं वाटतंय का पाहा.

मेनू दहा सेकंद थांबावा असं सेटिंग केलंय, तरी तो दिसतच नाही. मशीन थेट उबुंटूत शिरतं.

याच्या उलट, मेनू लपवलाय, तरी तो येतोच आणि दहा किंवा तीस सेकंद अडून बसतो.

विंडोज कालपर्यंत यादीत होतं, आज फक्त लिनक्सच्या नोंदी आहेत.

विंडोजचं मोठं अपडेट झालं आणि दुसऱ्या दिवसापासून ग्रबचा पडदा येणंच बंद झालं.

विंडोज पहिली निवड म्हणून ठेवलं होतं, पण नवा कर्नल (लिनक्सचा गाभा) आल्यावर निवडीची पट्टी भलत्याच ओळीवर जाऊन बसली.

एकच सिस्टिम यादीत दोनदा दिसते.

फाइल बदलली, कमांड चालवली, कुठली चूक दाखवली नाही, आणि मेनू मात्र जसाच्या तसा.

मी एका महाविद्यालयाच्या संगणक प्रयोगशाळेतली मशीनं सांभाळतो. बहुतेकांवर विंडोजशेजारी उबुंटू किंवा लिनक्स मिंट आहे. प्रात्यक्षिक परीक्षा जवळ आली की यातलं एखादं दुखणं हमखास डोकं वर काढतं, आणि विद्यार्थी स्वतःचे लॅपटॉपही घेऊन येतात. येताना बहुतेकांना कुणीतरी सांगितलेलं असतं, ‘फॉरमॅट मारावं लागेल.’ वरच्या लक्षणांपैकी एकासाठीही फॉरमॅट मारावं लागत नाही. सुरुवातीच्या काळात मी स्वतः एक लॅपटॉप असा पुसला. एका ओळीच्या दुरुस्तीत काम झालं असतं, हे नंतर कळलं. त्या मुलाचा प्रोजेक्ट पेनड्राइव्हवर होता म्हणून वाचला. तेव्हापासून मी तपासण्यांचा क्रम ठरवून ठेवलाय आणि तो मोडत नाही.

लिहिण्याबद्दल एक खुलासा: कमांड आणि फाइलींची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलमध्ये ती रोमन लिपीत टाइप करायची. कमांड आणि फाइलींचे पत्ते लहान अक्षरांत, आणि ‘ग्रब_टाइमआउट’सारखी सेटिंगं सगळी मोठ्या अक्षरांत.

मेनू येतो कुठून

हे दोन मिनिटं समजून घ्या, नाहीतर पुढच्या तपासण्या नुसत्या पाठ कराव्या लागतील.

मशीन चालू केल्यावर पहिल्यांदा जागं होतं ते फर्मवेअर, ज्याला आपण अजूनही बायोस म्हणतो. कोणाला आधी बोलवायचं याची क्रमवारी त्याच्याकडे मदरबोर्डवरच्या चिपमध्येच असते. त्या क्रमातली पहिली नोंद ईएसपी नावाच्या छोट्या पार्टिशनमधली एक फाइल उघडते. उबुंटूत ही फाइल म्हणजे शिम नावाचा छोटा प्रोग्रॅम, आणि शिम ग्रबला उठवतो. ग्रब तिथेच ठेवलेली एक तीन ओळींची चिठ्ठी वाचतो, ज्यात खरा मेनू कुठल्या पार्टिशनवर आहे ते लिहिलेलं असतं. त्या पार्टिशनवरची ‘/बूट/ग्रब/ग्रब.सीएफजी’ वाचून तो मेनू काढतो. ही ग्रब.सीएफजी कोणी हाताने लिहीत नाही. ‘/ईटीसी/डीफॉल्ट/ग्रब’ या फाइलमधली सेटिंगं आणि ‘/ईटीसी/ग्रब.डी’ या फोल्डरमधल्या स्क्रिप्ट यांच्यापासून ती दरवेळी नव्याने तयार होते.

म्हणजे फर्मवेअरचा क्रम, ईएसपीतली चिठ्ठी, ग्रब.सीएफजी आणि ती जिच्यापासून बनते ती सेटिंगची फाइल, असे चार मुक्काम झाले. मी पाहिलेल्या जवळजवळ प्रत्येक तक्रारीत बिघाड एका मुक्कामावर होता आणि माणूस दुसऱ्याच मुक्कामावर दुरुस्ती करत होता.

हात लावण्याआधी ‘/ईटीसी/डीफॉल्ट/ग्रब’ची एक प्रत होम फोल्डरमध्ये काढून ठेवा, आणि मोबाइलवर सध्याच्या मेनूचा फोटो घ्या. प्रत होममध्येच का, ते पुढे येईल.

पहिली तपासणी: ग्रब उठतो का?

मशीन रीस्टार्ट करा आणि निर्मात्याचं चिन्ह जाताच एस्केप एकदा दाबा. जुन्या, म्हणजे लेगसी बायोस पद्धतीच्या मशीनवर (नवी पद्धत म्हणजे यूईएफआय) एस्केपऐवजी शिफ्ट दाबून धरायचं. एस्केप जास्त वेळा दाबलं गेलं तर मेनूऐवजी ‘ग्रब>’ असा रिकामा पडदा येतो. घाबरू नका. ‘नॉर्मल’ असं टाइप करून एंटर दाबा आणि लगेच एकदा एस्केप.

यात खर्च शून्य, पण सगळी वाट इथेच फुटते. मेनू आला, तर फर्मवेअर आणि ईएसपी ठीक आहेत; दोष सेटिंगमध्ये आहे आणि तो पाच-दहा मिनिटांत सापडतो. काही केल्या मेनू येत नाही आणि थेट विंडोजच चालू होतं, तर ग्रबला कोणी बोलावतच नाही. मग सेटिंगची फाइल कितीही बदला, ती वाचायलाच कोणी येणार नाही. अशांनी मधलं सोडून फर्मवेअरच्या तपासणीवर जावं.

फर्मवेअरमध्ये ‘फास्ट बूट’ चालू असेल, तर सुरुवातीच्या क्षणी कीबोर्डच जागा नसतो आणि एस्केप दाबलेलं कळत नाही. लिनक्समधून ‘सिस्टिमसीटीएल रीबूट --फर्मवेअर-सेटअप’ दिलं की मशीन सरळ फर्मवेअरच्या पडद्यावर जातं. तिथे फास्ट बूट बंद करून पुन्हा पाहा. विंडोजमधलं ‘फास्ट स्टार्टअप’ ही वेगळी गोष्ट आहे. ते विंडोजला अर्धवट झोपवून ठेवतं, त्यामुळे त्याचं पार्टिशन लिनक्सला धडपणे उघडता येत नाही. डुअल बूटच्या, म्हणजे दोन सिस्टिम असलेल्या मशीनवर मी दोन्ही बंद ठेवतो.

दुसरी: बदलानंतर मेनू नव्याने बनवला का?

‘/ईटीसी/डीफॉल्ट/ग्रब’ बदलून सेव्ह केलं, एवढ्याने काहीच होत नाही. त्यानंतर ‘सुडो अपडेट-ग्रब’ चालवावं लागतं. तेव्हा कुठे ग्रब.सीएफजी नवी बनते. लॅबमध्ये माझ्याकडे येणाऱ्या तक्रारी सर्वांत जास्त इथेच मिटतात.

काहीजण हा वळसा टाळायला ग्रब.सीएफजीच उघडून बदलतात. बदल लगेच दिसतो, आनंद होतो, आणि पुढचा कर्नल आला की सगळं पुसलं जातं, कारण कर्नलचं पॅकेज बसताना अपडेट-ग्रब आपोआप चालतं. ‘टिकत नाही’ या तक्रारीचं मूळ बहुधा हेच. त्या फाइलच्या पहिल्या ओळींतच ती हाताने बदलू नये असं लिहिलेलं आहे.

कमांड चालल्यावर काय छापून येतं ते वाचा, अगदी ओळ न् ओळ. कर्नलांची नावं यायला हवीत, शेवटी ‘डन’ यायला हवं. मध्येच थांबलं, तर ‘डीएफ -एच /बूट’ देऊन जागा पाहा. बूटचं पार्टिशन वेगळं आणि लहान असेल, तर जुने कर्नल साठून ते भरतं आणि नवा कर्नल अर्धवट बसतो. ‘सुडो ॲप्ट ऑटोरिमूव्ह’ जुने कर्नल काढतं. फायली हाताने पुसत बसू नका.

फेडोरा या दुसऱ्या लिनक्समध्ये ‘अपडेट-ग्रब’ नसतं. तिथे ‘सुडो ग्रब२-एमकेकॉन्फिग -ओ /बूट/ग्रब२/ग्रब.सीएफजी’ द्यायचं. ईएसपीमध्ये फेडोराच्या फोल्डरात याच नावाची आणखी एक ग्रब.सीएफजी असते. फेडोरा ३४ पासून ती नुसती चिठ्ठी आहे; तिच्यावर हा निकाल लिहू नका. फेडोरावर एकच सिस्टिम असेल तर मेनू लपलेला असतो. तो कायम दिसायला हवा असेल तर ‘सुडो ग्रब२-एडिटएन्व्ह - अनसेट मेनू_ऑटो_हाइड’.

तिसरी: फाइलमधली चिन्हं

‘/ईटीसी/डीफॉल्ट/ग्रब’ ही फाइल शेल, म्हणजे कमांड चालवणारा प्रोग्रॅम वाचतो, त्यामुळे लिहिण्यातली बारीक चूकही चालत नाही. चार गोष्टी पाहा.

बरोबरच्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा नको. ‘ग्रब_टाइमआउट = १०’ असं लिहिलं की शेल त्याला कमांड समजतो. ‘ग्रब_टाइमआउट=१०’ हे बरोबर, आणि आकडे इंग्रजी.

अवतरणचिन्हं सरळ हवीत. व्हॉट्सॲपवरून किंवा वेबपानावरून ओळ चिकटवली की ती वळणदार होऊन येतात. दिसायला फरक जाणवत नाही, पण शेल ती ओळखत नाही.

ओळीच्या सुरुवातीला हॅशचं चिन्ह राहिलं असेल तर ती ओळ वाचलीच जात नाही.

आणि तेच सेटिंग दोनदा लिहिलं असेल, तर खालचं लागू होतं. हे खालचं सेटिंग वेगळ्या फाइलमध्येही असू शकतं! डेबियन, उबुंटू आणि मिंटमध्ये ‘/ईटीसी/डीफॉल्ट/ग्रब.डी’ या फोल्डरातल्या फायली मुख्य फाइलनंतर वाचल्या जातात आणि त्यांचंच खरं धरलं जातं. मुख्य फाइल अगदी बरोबर दिसते आणि तरीही परिणाम नाही, तेव्हा आधी इथे डोकवावं.

चौथी: सेकंदांचं गणित

उबुंटूत मूळ सेटिंग ‘ग्रब_टाइमआउट_स्टाइल=हिडन’ आणि ‘ग्रब_टाइमआउट=०’ असं असतं. नुसते सेकंद वाढवले, तर मशीन तेवढे सेकंद काळ्या पडद्यावर थांबतं, पण मेनू दाखवत नाही. मेनू पाहिजे असेल तर ‘हिडन’च्या जागी ‘मेनू’ लिहायला हवं.

मेनू नको असूनही येतो, त्याला दोन कारणं आहेत. शेजारी दुसरी सिस्टिम सापडली, तर उबुंटूची स्क्रिप्ट तुमचं ‘हिडन’ मोडून मेनू दाखवते आणि वेळ शून्य असेल तर दहा सेकंद करते. तिथे शून्याऐवजी १ लिहिलं की एकच सेकंद थांबतं. दुसरं कारण मागच्या खेपेला बूट अर्धवट राहण्याचं. ऐन बूट होताना लाइट गेली, तर ग्रबकडे ‘मागची वेळ फसली’ अशी खूण राहते आणि पुढच्या वेळी मेनू तीस सेकंद दिसतो. एकदा नीट बूट झालं की ती खूण पुसली जाते. दर वेळीच तीस सेकंद लागत असतील, तर ‘/बूट’ एलव्हीएम किंवा बीटीआरएफएस या डिस्क मांडण्याच्या पद्धतींवर आहे का पाहा. तिथे ग्रबला लिहिता येत नाही. ‘ग्रब_रेकॉर्डफेल_टाइमआउट’ अशी नवी ओळ घालून हे सेकंद कमी करता येतात.

पाचवी: विंडोज यादीतून नाहीसं झालं

शेजारच्या सिस्टिम शोधायचं काम ओएस-प्रोबर नावाचा छोटा प्रोग्रॅम करतो. २०२१ साली आलेल्या ग्रब २.०६ पासून तो मूळ स्थितीतच बंद ठेवलेला असतो, कारण अनोळखी पार्टिशनं उघडून त्यातलं वाचणं सुरक्षेच्या दृष्टीने जोखमीचं धरलं गेलं. उबुंटू २२.०४ आणि डेबियन १२ मध्ये हीच आवृत्ती आहे. त्यामुळे जुन्या उबुंटूवरून वर आलेल्यांच्या मेनूतून विंडोज एकाएकी नाहीसं झालं आणि लोकांना वाटलं, विंडोज उडालं. ते डिस्कवर जसंच्या तसं होतं.

ओळखायची खूण अशी: अपडेट-ग्रब चालवताना ‘ओएस-प्रोबर विल नॉट बी एक्झिक्यूटेड’ अशी सूचना येते. उपाय म्हणजे ‘ग्रब_डिसेबल_ओएस_प्रोबर=फॉल्स’ ही ओळ घालायची आणि पुन्हा अपडेट-ग्रब. आता ‘फाउंड विंडोज बूट मॅनेजर’ असं छापून आलं की काम झालं. ओएस-प्रोबर बसवलेलाच नसेल, तर तो आधी बसवावा लागतो.

लॅबमध्ये मात्र मी ओएस-प्रोबर वापरत नाही. ‘/ईटीसी/ग्रब.डी’ मधल्या ‘४०_कस्टम’ फाइलमध्ये विंडोजची नोंद एकदाच हाताने लिहितो. नोंदीत दोनच कामं असतात: ईएसपीचा यूयूआयडी (पार्टिशनचा ओळखक्रमांक) देऊन ते पार्टिशन शोधणं, आणि चेनलोडरने (दुसऱ्या बूट प्रोग्रॅमकडे काम सोपवणाऱ्या कमांडने) ‘/ईएफआय/मायक्रोसॉफ्ट/बूट/बूटएमजीएफडब्ल्यू.ईएफआय’ ही फाइल उघडणं. यूयूआयडी ‘सुडो बीएलकेआयडी’ने कळतो. ईएसपीचा यूयूआयडी छोटा असतो, मध्ये एक आडवी रेघ आणि दोन्ही बाजूंना चार-चार अक्षरं. फाइलच्या वरच्या दोन ओळींना धक्का लावू नका; त्यांच्यामुळेच खालचा मजकूर मेनूत जसाच्या तसा उतरतो. ही नोंद कुठल्याही अपडेटने पुसली जात नाही आणि तिला हवं ते नाव देता येतं.

नावावरून आठवलं. मी हौसेने काही मशीनवर ‘विद्यार्थी’, ‘परीक्षा’ अशी मराठी नावं देऊन पाहिली. ग्रबला देवनागरीची मांडणी जमत नाही. जोडाक्षरं सुटी पडतात, पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते. आपली लिपी तिथे अशी मोडलेली पाहवत नाही, म्हणून ती नावं मी रोमनमध्येच ठेवली.

सहावी: पहिली निवड सरकते

‘ग्रब_डीफॉल्ट=२’ असं लिहिलं, म्हणजे शून्यापासून मोजत तिसरी ओळ. वर एखादी नोंद वाढली किंवा कमी झाली की तोच आकडा दुसऱ्याच ओळीवर पडतो. म्हणून आकड्याऐवजी नोंदीचं पूर्ण नाव, मेनूत दिसतं तसंच, अवतरणात लिहा. शेवटी जिथे गेलो होतो तीच निवड पुढच्या वेळी हवी असेल, तर ‘ग्रब_डीफॉल्ट=सेव्ह्ड’ आणि ‘ग्रब_सेव्हडीफॉल्ट=ट्रू’ या दोन्ही ओळी लागतात. एलव्हीएम आणि बीटीआरएफएसवर हे चालणार नाही, कारण वर सांगितलं तेच. फक्त एका खेपेपुरतं विंडोजमध्ये जायचं असेल तर ‘सुडो ग्रब-रीबूट’च्या पुढे नोंदीचं नाव द्यायचं, त्यासाठीही ‘सेव्ह्ड’ असावं लागतं.

सातवी: नोंदी दोनदा दिसतात

‘एलएस -एल /ईटीसी/ग्रब.डी’ देऊन यादी पाहा. या फोल्डरातली चालवायची परवानगी असलेली प्रत्येक फाइल अपडेट-ग्रब चालवतं. तुम्ही ‘४०_कस्टम.बॅक’ अशी प्रत तिथेच काढली असेल, तर तीही चालते आणि विंडोज दोनदा दिसतं. प्रत होममध्ये ठेवायला सांगितलं ते यासाठी.

त्याच फोल्डरात ‘प्रॉक्सिफाइडस्क्रिप्ट्स’ नावाचं फोल्डर दिसलं, तर त्या मशीनवर कधीतरी ग्रब कस्टमायझर वापरलेलं आहे. खिडकीत टिचक्या मारून मेनू बदलता येतो म्हणून लोकांना ते आवडतं. पण ते मूळ स्क्रिप्ट बाजूला सारून स्वतःच्या स्क्रिप्ट बसवतं, आणि पुढे सिस्टिमची आवृत्ती बदलली की दोघांचं जुळत नाही. माझं मत स्पष्ट आहे: रंग आणि चित्र बदलण्यापुरतंसुद्धा ते वापरू नये. काढायचं असेल तर आधी ते पॅकेज काढा, मग ग्रब-कॉमन पॅकेज त्याच्या मूळ फायलींसकट पुन्हा बसवा.

आठवी: मेनू नक्की कोणाचा?

एकाच मशीनवर दोन लिनक्स असतील, तर ही तपासणी टाळू नका. मला स्वतःला हे कळायला एका मशीनवर तीन दिवस लागले होते. उबुंटूत बदल करत होतो, अपडेट-ग्रब बिनचूक चालत होतं, ग्रब.सीएफजी उघडून पाहिली तर माझे बदल तिच्यात होते. मेनूत मात्र काहीच नाही. त्या मशीनवर एका विद्यार्थ्याने शेजारी मिंट बसवलं होतं, आणि पडद्यावर येणारा मेनू मिंटच्या पार्टिशनवरचा होता.

गोम अशी आहे की मिंटही ईएसपीमध्ये ‘उबुंटू’ याच नावाचं फोल्डर वापरतं. दोघांचा पत्ता एकच, आणि आत चिठ्ठी एकच. जो शेवटी बसला त्याचा यूयूआयडी त्या चिठ्ठीवर राहतो.

तपासायला सोपं आहे. ‘सुडो कॅट /बूट/ईएफआय/ईएफआय/उबुंटू/ग्रब.सीएफजी’ द्या. पहिल्या ओळीत एक लांबलचक यूयूआयडी दिसेल. मग ‘फाइंडएमएनटी -एनओ यूयूआयडी /’ देऊन तुम्ही ज्या सिस्टिममध्ये बसला आहात तिचा यूयूआयडी पाहा. बूटचं पार्टिशन वेगळं असेल तर शेवटी ‘/बूट’ लिहा. दोन्ही जुळले तर मेनू याच सिस्टिमचा. नाही जुळले, तर बदल दुसऱ्या लिनक्समध्ये जाऊन करायला हवा.

मेनू याच सिस्टिमच्या ताब्यात हवा असेल, तर इथून ‘सुडो ग्रब-इन्स्टॉल’ आणि मागोमाग ‘सुडो अपडेट-ग्रब’. यूईएफआय मशीनवर डिस्कचं नाव द्यावं लागत नाही. मात्र दुसऱ्या लिनक्समध्ये ग्रबचं पॅकेज अपडेट झालं की चिठ्ठी पुन्हा त्याच्या नावावर होऊ शकते. म्हणून दोघांपैकी मेनूचा मालक कोण हे एकदा ठरवा, मशीनवर चिकटपट्टी लावून लिहून ठेवा, आणि दुसऱ्याचा कर्नल बदलला की मालक सिस्टिममध्ये येऊन अपडेट-ग्रब चालवा.

नववी: फर्मवेअरचा क्रम

आता अवघड भागाला सुरुवात होते. इथून पुढच्या तपासण्यांआधी महत्त्वाच्या फायलींची प्रत दुसरीकडे घ्या. आणि विंडोजवर बिटलॉकर किंवा ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणारी सोय) चालू असेल, तर ४८ अंकी रिकव्हरी की हातात असल्याशिवाय एकही सेटिंग हलवू नका. सिक्युअर बूट (फक्त सही असलेले बूट प्रोग्रॅम उठू देणारं फर्मवेअरचं सेटिंग) किंवा बूटची साखळी बदलली की विंडोज ती की मागतं. की नसेल तर तो डेटा कोणालाही, अगदी कोणालाही, परत मिळवता येत नाही.

प्रथम पद्धत जुळते का ते पाहा. लिनक्समध्ये ‘/सिस/फर्मवेअर/ईएफआय’ हे फोल्डर आहे का? नसेल, तर लिनक्स लेगसी पद्धतीने बसलंय. विंडोज यूईएफआय पद्धतीचं असेल, तर हा ग्रब त्याला उठवूच शकत नाही, कितीही नोंदी लिहा. तेव्हा फर्मवेअरच्या बूट यादीतून निवड करत राहणं किंवा लिनक्स यूईएफआय पद्धतीने पुन्हा बसवणं, एवढेच मार्ग उरतात.

पद्धत जुळत असेल तर ‘सुडो ईएफआयबूटएमजीआर’ चालवा. थेट विंडोज चालू होत असेल, तर फर्मवेअरच्या बूट यादीतून उबुंटू निवडून आत या. ही यादी बऱ्याच लॅपटॉपवर एफ१२, एफ९ किंवा एस्केपने उघडते. कमांडच्या निकालात ‘बूटऑर्डर’ आणि चार-चार आकड्यांच्या नोंदी दिसतात. विंडोजचा आकडा उबुंटूच्या आधी असेल, तर दोष सापडला. ‘-ओ’ लिहून पुढे उबुंटूचा आकडा आधी, मग विंडोजचा, मग बाकीचे, स्वल्पविरामाने जोडून द्या. विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर मेनू जातो तेव्हा बहुधा एवढंच घडलेलं असतं. ग्रब जागेवरच असतो.

काही लॅपटॉपचं फर्मवेअर हा क्रम मानत नाही, किंवा दर वेळी विंडोज पुन्हा वर आणतं. अशा वेळी फर्मवेअरमध्ये जाऊन तिथल्याच यादीतून उबुंटू वर सरकवा. काहींत त्यासाठी आधी पासवर्ड ठेवावा लागतो आणि ग्रबची फाइल ‘विश्वासू’ म्हणून निवडावी लागते. विंडोजच्या बूट फाइलला दुसरं नाव देऊन तिच्या जागी ग्रब ठेवण्याची युक्तीही ऐकायला मिळते. ती करू नका. विंडोजचं पुढचं अपडेट ती फाइल परत लिहितं, आणि मधल्या काळात दुरुस्तीची साधनंही गोंधळतात.

दहावी: सिक्युअर बूटने अडवलं

ऑगस्ट २०२४ मधल्या विंडोज अपडेटने जुन्या शिमवर बंदी आणली. त्यानंतर अनेक डुअल बूट मशीनवर ‘एसबॅट सेल्फ-चेक फेल्ड: सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन’ असा संदेश येऊन मशीन बंद पडू लागलं. तुमच्या पडद्यावर हाच मजकूर असेल, तर फर्मवेअरमध्ये सिक्युअर बूट तात्पुरतं बंद करा, लिनक्समध्ये या, सगळी अपडेटं बसवा, ‘सुडो मोकयूटिल --सेट-एसबॅट-पॉलिसी डिलीट’ द्या, पुन्हा एकदा लिनक्समध्येच बूट करा आणि मग सिक्युअर बूट चालू करा. ते कायमचं बंद ठेवू नका. आणि बिटलॉकरची गोष्ट इथेही लागू आहे.

शेवटची: लाइव्ह पेनड्राइव्ह

‘ग्रब रेस्क्यू>’ असा पडदा आला, म्हणजे ग्रबला स्वतःच्या पुढच्या फायलीच सापडत नाहीत. बहुधा कोणीतरी विंडोजमधून लिनक्सचं पार्टिशन हलवलेलं किंवा पुसलेलं असतं. उबुंटूच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून (ज्यावरून उबुंटू डिस्कवर न बसवता चालतं) बूट करा, आणि पेनड्राइव्हही त्याच पद्धतीने, यूईएफआय मशीन असेल तर यूईएफआयनेच. लेगसीने उघडलेल्या पेनड्राइव्हवरून केलेली दुरुस्ती भलत्याच जागी बसते. आधी फाइल मॅनेजरमधून लिनक्सचं पार्टिशन उघडतं का ते पाहा. उघडलं, तर तुमचा डेटा आहे. आधी तो बाहेर काढा. मग बूट-रिपेअर हे दुरुस्तीचं साधन बसवून त्याची शिफारस केलेली दुरुस्ती चालवा. ते काम संपल्यावर निकालाचा अहवाल देतं, तो जपून ठेवा.

कुठे थांबायचं

पार्टिशनच दिसत नाही, किंवा त्याच्या जागी मोकळी जागा दिसते: थांबा. काहीही लिहू नका, नवं पार्टिशन बनवू नका. डेटा अजून तिथे असू शकतो आणि प्रत्येक लिखाणाने तो कमी होतो.

डिस्कमधून टकटक आवाज येतो, किंवा ‘आय/ओ एरर’ पुन्हापुन्हा दिसतो: मशीन बंद करा. हे बूट मेनूचं दुखणं नाही, डिस्कचं आहे, आणि चालू ठेवलं तर वाढतं. डेटा मोलाचा असेल तर डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडेच द्या.

बिटलॉकर की मागतंय आणि ती तुमच्याकडे नाही: आधी मायक्रोसॉफ्ट खात्यात ती जपलेली आहे का पाहा. कार्यालयाचं मशीन असेल तर तिथल्या आयटी विभागाकडे ती असते. तोपर्यंत मशीनला हात नको.

ईएफआयबूटएमजीआरमध्ये केलेला बदल रीस्टार्टनंतर पूर्ण नाहीसा होतो, किंवा फर्मवेअरचा पडदाच उघडत नाही: फर्मवेअर अपडेट किंवा मदरबोर्डच्या बॅटरीपर्यंत गोष्ट जाते. वॉरंटीतला लॅपटॉप असेल तर सेवा केंद्रातच न्या. लॅपटॉप घरी उघडू नका.

दुकानात जाताना बूट-रिपेअरचा अहवाल, पडद्याचे फोटो आणि आतापर्यंत काय काय केलं त्याची कागदावर यादी बरोबर ठेवा. आणि मशीन हातात देण्याआधी पावतीवर लिहून घ्या: ‘डेटा हवा आहे, विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नये.’